हृदय जाड की ढिलं, हे कळल्याशिवाय थेंब देऊ नका

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "माझी भाची पाच महिन्यांची आहे. वणीजवळच्या गावात राहते. महिनाभरापासून दूध पिताना दमते, अजून मान धरत नाही. दोनदा न्यूमोनिया म्हणून ॲडमिट केलं. आता इकोमध्ये हृदयाच्या भिंती खूप जाड दिसल्या. डॉक्टर म्हणाले, पॉम्पे नावाचा आनुवंशिक आजार असू शकतो आणि हार्ट फेल्युअर सुरू झालंय. आमच्या ओळखीत एका बाळाला हार्ट फेल्युअर होतं. ते डिगॉक्सिनचे थेंब आणि लघवीचं औषध घेऊन बरं झालं. त्यांची चिठ्ठी आमच्याकडे आहे. मुंबईची सोय लागेपर्यंत तेच सुरू करू का? नागपुरात यावर इलाज आहे का?"

ती चिठ्ठी आधी बाजूला ठेवा. त्या बाळाला ज्या औषधांनी तारलं, तीच औषधं तुमच्या भाचीच्या जिवावर उठू शकतात. वीस वर्षांहून जास्त काळ मी नागपुरात लहान मुलांच्या हृदयाचं काम करतो आहे आणि ही एक गोष्ट मी रोज कुणाला ना कुणाला सांगतो. हार्ट फेल्युअर हे आजाराचं नाव नाही. ताप हे जसं आजाराचं नाव नाही, तसंच. शरीराला लागतं तेवढं रक्त हृदय पुरवू शकत नाही, एवढंच त्यातून कळतं. का पुरवू शकत नाही, ते शोधल्याशिवाय औषध ठरत नाही.

तुमच्या ओळखीच्या बाळाचं हृदय बहुधा ढिलं पडलेलं असणार. ढिलं हृदय फुगतं, भिंती पातळ होतात, आकुंचनात जोर राहत नाही. अशा वेळी डिगॉक्सिन आकुंचनाला जोर देतं, फ्युरोसेमाइड साचलेलं पाणी लघवीवाटे काढतं, एनालाप्रिल रक्तवाहिन्या सैल करून हृदयापुढचा भार हलका करतं. तिन्ही औषधं तिथे योग्यच आहेत.

तुमच्या भाचीचं दुखणं याच्या अगदी उलट आहे. आपल्याकडचे जुने मातीचे वाडे आठवा. बाहेरून केवढे मोठे, पण भिंतीच दोन-दोन हात जाड, त्यामुळे आतली खोली एवढीशी. तिचं हृदय तसं झालं आहे. पिळण्याची ताकद सहसा पुरेशी असते, पण रक्त भरायला जागाच नसते. अशा बाळाला जोरात लघवी करवून कोरडं केलं की होती ती खोलीही रिकामी होते आणि जाड भिंती एकमेकींना टेकून रक्ताची बाहेर पडायची वाट अडवतात. डिगॉक्सिनने पिळण्याचा जोर वाढवला तर ती वाट आणखी चिंचोळी होते. आयसीयूमध्ये बीपी उतरलं म्हणून लावलेलं डोपामिन किंवा डोब्युटामिनही तेच करतं. छातीत घरघर आहे म्हणून दिलेल्या साल्ब्युटामॉलच्या वाफेने ठोके वाढतात आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय भरायला जो वेळ मिळतो, तो कमी होतो. म्हणून इथे आम्ही प्रोप्रानोलॉलसारखं औषध देऊन ठोके संथ करतो. फुप्फुसात पाणी साचलंच तर फ्युरोसेमाइड द्यावं लागतं, पण अगदी बेतानं आणि इको बघत. शिवाय पॉम्पेमधलं जाड हृदय पुढे थकून ढिलंही पडू शकतं. तेव्हा औषधं पुन्हा बदलतात. महिन्यापूर्वीच्या इकोवरून आजचं औषध ठरत नाही. मी इथे या औषधांचे डोस लिहीत नाही, ते मुद्दाम.

एक कबुली देतो. फार वर्षांपूर्वी, मी नवा असताना, एका रुग्णालयात रात्रपाळीला असंच एक बाळ आलं. सात महिन्यांचं, अंग कापडासारखं लुळं, धाप लागलेली. एक्स-रेत हृदय मोठं दिसत होतं. मी न्यूमोनिया आणि हार्ट फेल्युअर असं लिहिलं आणि दोन्हींची औषधं सुरू केली. ईसीजी काढला होता, पण फाइलला टाचून ठेवला. बघितला नाही. बाळ दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं. दोन वर्षांनी तेच आईवडील दुसरं बाळ घेऊन आले. तोच लुळेपणा, तीच धाप. तेव्हा जुनी फाइल शोधून ती पट्टी उलगडली. सगळं तिथे लिहिलेलं होतं. त्या काळी एन्झाइमचं औषध उपलब्ध नव्हतं, पहिलं बाळ बहुधा वाचलं नसतं. पण मी आजाराला नाव दिलं असतं, तर दुसऱ्या खेपेला ते आईवडील अंधारात राहिले नसते. तेव्हापासून लुळं बाळ आणि मोठं हृदय दिसलं की मी औषधाच्या आधी ईसीजीला हात घालतो.

त्या पट्टीवर दोन खुणा असतात. एक म्हणजे उंच, फार उंच लाटा. कागदात मावत नाहीत म्हणून मशीनचं माप अर्धं करावं लागतं. दुसरी म्हणजे पीआर अंतर, वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात वीज पोचायला लागणारा वेळ. तो इतका आखूड होतो की दोन बारीक चौकोनही भरत नाहीत. जाड हृदय, आखूड पीआर, लुळं अंग आणि किंचित मोठी जीभ एकत्र दिसली की पॉम्पेचा तपास व्हायलाच हवा. रक्तात सीके, म्हणजे स्नायू बिघडले की रक्तात उतरणारं एन्झाइम, वाढलेलं असतं. एसजीओटी-एसजीपीटीही वाढतात आणि इथे पुष्कळदा फसगत होते. रिपोर्ट पाहून लिव्हरचा आजार समजून बाळाला भलत्याच औषधांवर ठेवलं जातं. ही एन्झाइम्स स्नायूंतूनही येतात. सीके सोबत वाढलेलं असेल तर बोट स्नायूंकडे जातं.

हा आजार पॉम्पे नावाच्या डच पॅथॉलॉजिस्टने १९३२ साली सात महिन्यांच्या एका मृत मुलीच्या हृदयात पाहिला. नेमकं काय बिघडतं ते १९६३ मध्ये बेल्जियमच्या हेर्स यांनी दाखवलं. पेशीत लायसोसोम नावाच्या बारीक पिशव्या असतात. त्यात ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, फोडणारं अल्फा-ग्लुकोसिडेज नावाचं एन्झाइम असतं. ते नसलं की साखर फुटत नाही, नुसती साचत जाते. पिशव्या फुगतात आणि हृदयाचा व हातापायांचा स्नायू आतून बिघडतो. म्हणजे तिच्या हृदयाच्या भिंती मेहनतीने जाड झालेल्या नाहीत, साठ्याने जाड झाल्या आहेत. म्हणून हृदयाची औषधं फक्त वेळ काढून देतात. खरं काम एन्झाइमनेच होतं.

तपासाला बाळ मुंबईला न्यायची गरज नाही. टाचेतून किंवा शिरेतून रक्ताचे काही थेंब खास गाळणकागदावर घेतात. तो कागद सावलीत तीन-चार तास वाळवून पाकिटात घालून प्रयोगशाळेला पाठवतात. ओला असताना पाकिटात घातला किंवा उन्हात वाळवला की नमुना वाया गेला. बाळाला रक्त चढवायचं ठरत असेल तर हा नमुना त्याआधी घ्या, कारण दुसऱ्याच्या रक्तातलं एन्झाइम निकाल बिघडवू शकतं. जोडीला जीएए, म्हणजे हे एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाची तपासणी पाठवा. तिला वेळ लागतो. एन्झाइम नाही हे एकदा पक्कं झालं की जनुकाच्या रिपोर्टसाठी औषध अडवून ठेवू नये. स्नायूचा तुकडा काढायचं कुणी सुचवलं तर आधी विचारा, रक्तावरून निदान होत असताना तो कशाला? या बाळांना भूल देणं फार जोखमीचं असतं. भूल देताना ठोके बिघडून हृदय थांबल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. सीटी स्कॅनसाठी झोपवायचं असेल, मोठी शीर घ्यायची असेल, तरी पॉम्पेचा संशय असल्याचं भूलतज्ज्ञाला स्वतःच्या तोंडाने सांगा. फाइलमध्ये लिहिलंय, वाचतील, असं धरून चालू नका.

आता इलाज. अल्ग्लुकोसिडेज अल्फा नावाचं बाहेर तयार केलेलं एन्झाइम २००६ पासून मान्यताप्राप्त आहे. २०२१ मध्ये त्याचीच सुधारलेली आवृत्ती अमेरिकेत आली. नेहमीचा डोस किलोमागे २० मिलिग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, शिरेतून, हळूहळू वेग वाढवत साधारण चार तास. बाळ सहा किलोचं असेल तर १२० मिलिग्रॅम लागतं. बाटली ५० मिलिग्रॅमची असते, म्हणजे एका वेळी तीन बाटल्या, वर्षाला २६ वेळा. पोर वाढेल तशा बाटल्या वाढतात आणि हे जन्मभर. बाटल्या २ ते ८ अंशांतच राहिल्या पाहिजेत. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, स्टोअरमधून वॉर्डापर्यंतही त्या बर्फाच्या डब्यातूनच आणाव्या लागतात.

उपयोग किती होतो? औषधाविना यातली बहुतेक बाळं पहिला वाढदिवस पाहत नाहीत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वयाच्या सहा महिन्यांच्या आत औषध सुरू केलेली १८ बाळं होती. ती अठराही दीड वर्षाची झाली. तुमची भाची पाच महिन्यांची आहे, म्हणून मी घाई करतोय. तैवानमध्ये २००५ पासून जन्मल्याबरोबर तपासणी करून पहिल्या काही आठवड्यांतच औषध देतात. ती मुलं उशिरा निदान झालेल्यांपेक्षा कितीतरी चांगली वाढतात. कॅनडात तर २०२२ मध्ये आईच्या पोटात असतानाच औषध दिलेल्या मुलीची नोंद प्रसिद्ध झाली.

हृदय या औषधाला सगळ्यात चांगलं ऐकतं. काही महिन्यांत भिंती उतरताना इकोवर दिसतात. पहिल्या काही आठवड्यांत पंपाचा आकडा, म्हणजे इकोवर दिसणारा आकुंचनाचा जोर, थोडा खाली जाऊ शकतो, घाबरू नका, पण वारंवार बघत राहावं लागतं. हातापायांचं मात्र असं ठामपणे सांगता येत नाही. काही मुलं चालतात. काहींची ताकद पुरती येत नाही. गिळणं, बोलणं, ऐकणं, श्वासाचे स्नायू यांचे त्रास राहू शकतात, काहींना व्हेंटिलेटर लागतो. हे मी आईवडिलांना पहिल्याच बैठकीत सांगतो, कारण नंतर कळलं की त्यांना फसवल्यासारखं वाटतं. आणखी एक गोष्ट, क्रिम. ज्या बाळांच्या शरीरात हे एन्झाइम मुळीच बनत नाही, त्यांचं शरीर औषधालाच परकं समजून त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं आणि औषध निकामी होतं. अशांना पहिल्या डोसच्या सुमारासच रिटक्सिमॅब, मेथोट्रेक्सेट, आयव्हीआयजी देऊन शरीराला ते औषध स्वीकारायला लावतात. जनुकाच्या रिपोर्टवरून क्रिमचा अंदाज येतो. म्हणून तो रिपोर्टही लवकर हवा.

पैशाचं. हा खर्च कुणालाही झेपणारा नाही, शेत विकून तर नाहीच. ते विकू नका. राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ मध्ये पॉम्पेचा समावेश आहे, लवकर निदान झालेल्यांचा. त्याखाली एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत होते. पैसे तुमच्या हातात येत नाहीत, सरकारने नेमलेल्या उत्कृष्टता केंद्राकडे जातात आणि नोंदणी तिथेच करावी लागते. महाराष्ट्रात मुंबईचं केईएम आहे. हैदराबादलाही निम्स आणि सीडीएफडी या दोन संस्था मिळून असं केंद्र आहे. वणीहून हैदराबाद मुंबईच्या जवळपास निम्म्या अंतरावर आहे आणि धोरणात देशातल्या कोणत्याही केंद्रात जायची मुभा आहे. दोन्हीकडे कागद पाठवा, आधी कोण बोलावतं ते बघा. ५० लाखांची मर्यादा एकदाच आणि औषध जन्मभर, म्हणून पैसे संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. औषध कंपन्यांच्या मोफत औषधाच्या योजना असतात, त्यांचा अर्ज केंद्रातूनच भरून घ्या.

नागपुरात इलाज आहे का, तर आहे. इको, ईसीजी, गाळणकागदाचा नमुना, बाळाला स्थिर करणं, हे सगळं इथे होतं. सरकारी म्हणाल तर मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स आहे. औषध एकदा मंजूर होऊन पहिले काही डोस केंद्रात नीट गेले की पुढचे डोस घराजवळच्या रुग्णालयात देता येतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, मॉनिटर आणि ॲलर्जी आली तर सांभाळायची तयारी हवी. दर पंधरा दिवसांनी मुंबईची गाडी धरणं कोणत्याही घराला जमत नाही. त्यामुळे जवळच्या डोसची मागणी नोंदणीच्या वेळीच लेखी द्या.

पॉम्पे निघालाच नाही तर? जाड हृदय नूनन सिंड्रोममध्येही असतं. डोळ्यांत अंतर जास्त, कान खाली, फुप्फुसाकडच्या झडपेला अडथळा. त्यातल्या फार गंभीर बाळांना २०१९ पासून ट्रामेटिनिब हे कर्करोगासाठीचं औषध मोजक्या केंद्रांत दिलं जातं. हृदय ढिलं असेल तर मात्र रक्तातलं कार्निटिन तपासल्याशिवाय मी बाळाला घरी पाठवत नाही. कार्निटिन पेशीत ओढून घेता न येण्याचा एक आनुवंशिक दोष असतो. त्यात साधं कार्निटिनचं सिरप आयुष्यभर दिलं की काही महिन्यांत हृदय पूर्ववत होऊ शकतं. हार्ट ट्रान्सप्लांटपर्यंत गोष्ट गेलेलं मूल मेडिकलच्या दुकानातल्या बाटलीने बरं होतं. फक्त रक्ताचा नमुना बाटली उघडायच्या आधी घ्यायचा. मुलगा असेल आणि पांढऱ्या पेशी पुन्हा पुन्हा उतरत असतील तर बार्थ सिंड्रोम बघायचा. आनुवंशिक नसलेली कारणंही सोडायची नाहीत. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम अतिशय कमी झालेली, अंगावर पिणारी बाळं ढिल्या हृदयाने येतात आणि कॅल्शियमने सुधारतात. बाळंतपणात आईला नुसत्या भातावर ठेवणारं कडक पथ्य असेल तर थायमिन देऊन पाहण्यात काही बिघडत नाही.

निदान उशिरा का होतं, तर तान्ह्या बाळात हार्ट फेल्युअर मोठ्या माणसासारखं दिसत नाही. पायावर सूज क्वचितच येते. एक आजी मला म्हणाल्या होत्या, "लेकरू दोन घोट पेते न् झोपून जाते, मंग उठून पुन्हा रडते." याहून चांगलं वर्णन मी पुस्तकात वाचलेलं नाही. दूध पिणं हाच त्या बाळाचा जिना चढणं असतो. घामाचं विचारलं की लोक म्हणतात, उन्हाळा आहे साहेब. मग मी विचारतो, कूलरसमोर ठेवूनही दूध पिताना कपाळ भिजतं का? बाळ झोपलेलं असताना त्याच्या पोटाकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांपर्यंत ६०, त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा त्याहून जास्त भरले तर डॉक्टरांकडे न्या. हृदयावर ताण आला की लिव्हर वाढतं आणि पोट फुगल्यासारखं दिसतं. मेळघाटात अशा फुगलेल्या पोटांवर तापल्या विळ्याचे चटके, 'डंबा', अजूनही दिले जातात. चटक्यांचे वण असलेली बाळं मी तपासली आहेत. त्यांच्या आयांनी क्रौर्याने ते केलं नव्हतं, त्यांना मदत म्हणून तेवढंच ठाऊक होतं. पोट फुगलं तर हृदय तपासायचं, हे तिथल्या आशाताईंपर्यंत पोचायला हवं.

घरी सध्या एवढं सांभाळा. दूध थोडं थोडं, दर दोन तासांनी. वीस मिनिटांत पिऊन होत नसेल तर ओढून ताणून पाजू नका. नाकातून नळी टाकायची वेळ आली तर तिला अपयश समजू नका, तिने बाळाची ताकद वाचते. वजन वाढावं म्हणून दुधात तूप किंवा तेल घालायचा सल्ला मिळेल. निदान होईपर्यंत नको. काही चयापचयाच्या आजारांत तेच लांब साखळीचे स्निग्ध पदार्थ हृदयाला घातक असतात. बाळगुटीही नको. जुलाब, उलटी किंवा तापात जाड हृदयाचं बाळ झपाट्याने सुकतं आणि सुकलं की कोसळतं. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका. औषध सुरू झाल्यावर एक मिलिलिटरची सिरिंज वापरा. डॉक्टरांसमोर डोसच्या रेघेवर चिकटपट्टी लावून घ्या. अर्धा मिली आणि पाच मिली यांतला गोंधळ मी शिकलेल्या घरांतही पाहिला आहे.

आणि तुमच्या बहिणीशी बोला. गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, याचा इथे काही संबंध नाही. आई आणि वडील दोघांकडून या जनुकाची एकेक सदोष प्रत आली की हा आजार होतो. दोघंही स्वतः धडधाकट असतात. प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते, आधीच्या बाळाला झाला म्हणून पुढची सुटका होत नाही. दोघांतले दोष जनुकात सापडले की पुढच्या खेपेला अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन तपासता येतं. तुम्ही तिचे सख्खे भाऊ, म्हणजे तुमच्यातही तो दोष असण्याची शक्यता निम्मी आहे. आपल्याकडे आतेमामेभावंडांत लग्नं होतात. घरात तसं लग्न झालेलं किंवा ठरत असेल तर तपासणी करूनच पुढे जा.

उद्याच नागपूरला निघा. वाटेत तिला आडवं न ठेवता छातीशी थोडं उभं धरा. इकोचा रिपोर्ट, सगळ्या रक्ततपासण्या, डिस्चार्जचे दोन्ही कागद आणि ईसीजीची मूळ पट्टी आणा. त्या पट्टीचा आजच मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. ती थर्मल कागदावर असते आणि उष्णतेने काळवंडते किंवा उडून जाते. गाडीत समोरच्या काचेपाशी ठेवू नका.